पडद्यावरची आई : रीमा लागू

आम्ही आपट्याहून बोलतोय, पनवेल तालुक्यातल्या पाताळगंगेच्या काठावरून. आज आम्ही तुम्हाला कर्ज, हप्ता, व्याज यांतलं काही सांगणार नाही. आज एका बाईची गोष्ट सांगणार आहोत, जिला तुम्ही सगळ्याजणी ओळखता.

विषय निघाला तो असा. गेल्या महिन्यातल्या बैठकीत बचत गोळा झाली, वही लिहून झाली, चहा आला आणि वाद सुरू झाला. तुम्हाला ठाऊक असेल, आमच्या गावाचं रेल्वे स्टेशन सिनेमात आहे. १९९५ साली आलेल्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ या सिनेमाचा शेवट, तो धावत्या गाडीतून हात पुढे करण्याचा प्रसंग, आमच्या आपटा स्टेशनवर घेतलेला आहे. सिनेमात ते पंजाबातलं स्टेशन आहे, पण फलाट आपला. तर आमच्या गटातल्या सगळ्यात वडील आजी म्हणाल्या, “त्या पिक्चरला रीमा लागू आली होती आपल्या गावात. काजोलची आई ती.” एका धाकट्या सुनेने लगेच मोबाईल काढला. म्हणाली, “नाही हो आजी, त्या पिक्चरमध्ये आई फरीदा जलाल आहे.” आजी काही ऐकेनात. म्हणाल्या, “तुझ्या मोबाईलला काय कळतंय? आई म्हणजे रीमाच.”

आजींची चूक होती, पण अगदीच चूक नव्हती. तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, ‘कुछ कुछ होता है’ आला आणि त्यात काजोलची आई रीमा लागूच होत्या. आजींनी दोन सिनेमे एकत्र केले एवढंच. पण घरी जाताना आम्ही विचार करत राहिलो. पडद्यावर इतक्या जणी आई झाल्या, मग आमच्या आजींना एकच का आठवते? आणि जिला आपण इतकी वर्षं घरातली समजलो, तिच्याबद्दल आपल्याला खरं माहीत तरी काय आहे?

इतिहास म्हटला की आपल्या भागात कर्नाळा किल्ला आठवतो, शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके आठवतात. तो इतिहास मोठाच आहे. पण आपल्या घरात संध्याकाळी टीव्ही लागायला लागला, जेवणाची वेळ मालिकेप्रमाणे पुढेमागे व्हायला लागली, सासू-सुना एका चटईवर बसून एकच गोष्ट बघू लागल्या, हाही इतिहासच आहे. तो आपल्या डोळ्यांदेखत घडला म्हणून कोणी लिहून ठेवला नाही. आज त्यातलंच एक पान आम्ही उघडतोय.

रीमा लागू यांचं माहेरचं नाव नयन भडभडे. जन्म २१ जून १९५८. त्यांच्या आई मंदाकिनी भडभडे याही रंगभूमीवरच्या नावाजलेल्या अभिनेत्री. ‘लेकुरे उदंड जाली’ या नाटकातलं त्यांचं काम जुन्या लोकांना अजून आठवतं. म्हणजे नाटक या मुलीने घरातच पाहिलं. एक काळ असा होता की नाटकात बाईचं काम पुरुष करायचे. बालगंधर्व शालू नेसून उभे राहिले की बायकाही त्यांच्यासारखं नेसायला बघायच्या, असं सांगतात. घरंदाज बाईने तोंडाला रंग लावणं लोकांना पटत नसे. पुढच्या दोन पिढ्यांत हे बदललं, आणि ते आपोआप बदललं नाही. मंदाकिनीबाईंसारख्या स्त्रिया संसार सांभाळून रंगमंचावर उभ्या राहिल्या, म्हणून पुढच्या मुलींची वाट सोपी झाली.

नयनचं शिक्षण पुण्याच्या हुजूरपागा शाळेत झालं. ही साधी शाळा नाही. मुलींनी शिकावं की नाही यावर पुण्यात जोरात भांडणं चालली होती, त्या दिवसांत, १८८४ मध्ये, न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या सोबतच्या मंडळींनी मुलींसाठी ही शाळा काढली. त्या शाळेत नयनचा अभिनय लोकांच्या नजरेत भरला. शाळा संपल्यावर ती नाटकाकडे वळली.

आता पुढची गोष्ट बचत गटातल्या बायकांनी मुद्दाम ऐकावी अशी आहे. ही नटी बँकेत नोकरीला होती. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्या मुंबईत युनियन बँकेत लागल्या आणि सुमारे दहा वर्षं त्यांनी तिथे काम केलं. आम्हाला हे कळलं तेव्हा आमच्या खजिनदार ताई म्हणाल्या, “म्हणजे आपल्यासारखीच रोज बेरजा करत होती की!”

ही नोकरी कशी शक्य झाली, तेही समजून घेऊ. १९ जुलै १९६९ रोजी सरकारने चौदा मोठ्या बँका आपल्या ताब्यात घेतल्या. युनियन बँक त्यांतली एक. त्यानंतर शाखा वाढल्या, भरती वाढली आणि शहरातल्या शिकलेल्या मुली बँकेच्या काउंटरपलीकडे दिसू लागल्या. त्या नोकरीला ठरलेली वेळ होती, ठरलेला पगार होता. मुंबईत बँकांच्या आपापसात नाटकांच्या आणि इतर कलांच्या स्पर्धा होत असत. मराठी रंगभूमीला त्यातून कितीतरी नट मिळाले. रीमाताईही या बँकांच्या कार्यक्रमांत नेहमी भाग घ्यायच्या. त्यांचे पती विवेक लागू हेही बँकेतले आणि रंगभूमीवरचे. लग्नानंतर नयन भडभडे ‘रीमा लागू’ झाल्या आणि त्याच नावाने लोक त्यांना ओळखू लागले. पुढे दोघं वेगळे राहू लागले. मुलगी मृण्मयी, तीही नाटक-सिनेमातच आली. आजी, आई आणि नात, अशा तीन पिढ्या एकाच कामात.

आमच्यातल्या एकीने विचारलं, एवढं नाव झाल्यावर नोकरी लगेच का नाही सोडली? याचं उत्तर आपल्याला शोधायला लांब जावं लागत नाही. नाटकाचा प्रयोग झाला तर पैसे, सिनेमा मिळाला तर पैसे. नोकरीचा पगार मात्र एक तारखेला येतो. आपणही कुक्कुटपालनाचा धंदा सुरू करतो तेव्हा पहिल्या वर्षी शेतावरची मजुरी सोडतो का? नाही सोडत. एक पाय जमिनीवर ठेवूनच दुसरा उचलायचा असतो. रीमाताईंनी तेच केलं. दहा वर्षं दिवसा बँक, संध्याकाळी नाटक, मधल्या सुट्ट्यांत चित्रीकरण.

त्या वर्षांत त्यांनी काय कामं केली ते पाहिलं तर ‘पडद्यावरची प्रेमळ आई’ हे चित्र किती अपुरं आहे ते कळतं. जयवंत दळवींच्या ‘पुरुष’ नाटकात त्यांनी अंबिकेचं काम केलं. सत्तेची मस्ती असलेल्या पुढाऱ्याने जिच्यावर अत्याचार केला आणि जिने मान खाली घालायला नकार दिला, अशी ती अंबिका. समोर नाना पाटेकर. ऐंशीच्या दशकात असा विषय रंगमंचावर उघड मांडणं सोपं नव्हतं, आणि ते काम करणाऱ्या बाईला तर त्याहून अवघड. ‘सविता दामोदर परांजपे’ या नाटकात त्यांनी झपाटलेल्या बाईची भूमिका केली. सिनेमात ‘सिंहासन’, ‘आक्रोश’, ‘कलयुग’ अशा वेगळ्या वाटेच्या चित्रपटांत लहान लहान कामं केली. अरुणा राजे यांच्या ‘रिहाई’ नावाच्या हिंदी सिनेमातही त्या होत्या. पुरुष कामधंद्यासाठी शहरात गेलेले आणि बायका गावात मागे राहिलेल्या, अशा गावाची ती गोष्ट. कोकणातल्या बाईला ती गोष्ट कोणी समजावून सांगायला नको. मुंबईच्या मनीऑर्डरीवर इथली किती घरं चालली, ते आपल्या सासवांना विचारा.

मग १९८८ मध्ये ‘कयामत से कयामत तक’ आला. त्यात त्या जुही चावलाची आई झाल्या. आणि १९८९ च्या डिसेंबरात ‘मैंने प्यार किया’ आला. त्यात त्या सलमान खानची आई. सिनेमा तुफान चालला आणि रीमाताईंच्या कपाळावर ‘आई’ हा शिक्का बसला. त्या वेळी त्यांचं वय होतं एकतीस. सलमान खानचा जन्म १९६५ चा. म्हणजे मुलगा आईपेक्षा फक्त साडेसात वर्षांनी लहान!

इथे थोडं थांबून आधीच्या आयांकडे बघू. हिंदी पडद्यावरची जुनी आई म्हटली की निरुपा रॉय आठवतात, ‘दीवार’मधली. पांढरं किंवा फिकट लुगडं, डोळ्यांत पाणी, नशिबाने गांजलेली. आपल्या सुलोचनादीदी, बेळगाव भागातल्या खडकलाटच्या, त्यांनीही मराठी आणि हिंदीत अशा कितीतरी सोशिक, मायाळू आया केल्या. त्या आयांनी आपल्या आज्यांना रडवलं आणि धीरही दिला. रीमाताईंची आई मात्र वेगळी होती. ती चांगली साडी नेसायची, हसायची, मुलाची थट्टा करायची, त्याचं प्रेम ओळखायची आणि नवऱ्याशी चार शब्द बोलायचीही. मुलगा तिच्याशी मैत्रिणीशी बोलावं तसं बोलायचा. ‘आशिकी’, ‘हम आपके हैं कौन’, ‘हम साथ साथ हैं’, ‘कल हो ना हो’, एकामागून एक सिनेमे येत गेले. माधुरीची आई, काजोलची आई, शाहरुखची आई. आमच्या आजींचा गोंधळ झाला त्यात नवल काय?

पण या आयांच्या रांगेत एक आई वेगळी उभी आहे. १९९९ चा महेश मांजरेकरांचा ‘वास्तव’. मुंबईच्या चाळीतलं साधं मराठी घर, पोरगा गुन्हेगारीत जातो, शेवटी त्याचे हाल बघवत नाहीत आणि आई स्वतःच्या हाताने त्याच्यावर गोळी झाडते. मुलाचं काम केलं संजय दत्तने. त्याचा जन्म १९५९ चा, म्हणजे रीमाताईंपेक्षा जेमतेम एक वर्षाने लहान! आणखी एक गंमत ऐका. १९५७ साली ‘मदर इंडिया’ आला होता. त्यातही आई आपल्या वाट चुकलेल्या मुलावर गोळी झाडते. ती आई झाली होती नर्गिस, म्हणजे याच संजय दत्तची खरी आई. त्या सिनेमात तिचा मुलगा झालेले सुनील दत्त आणि ती, दोघांचाही जन्म १९२९ च्या जून महिन्यातला. म्हणजे आईचं काम करणाऱ्या बाईचं वय हे सिनेमावाल्यांनी कधी मोजलंच नाही.

यावर आमच्या बैठकीत चांगलीच चर्चा झाली. एक बाजू म्हणाली, हा अन्याय आहे. तिच्या वयाचा पुरुष पंचेचाळिशीपर्यंत नाचतो, गातो, नायक राहतो. बाईने तिशी ओलांडली की तिला आई करून बाजूला बसवायचं. दुसरी बाजू म्हणाली, तिने त्या कोपऱ्यात बसूनही जागा मोठी केली, हे बघा. दोन्ही बाजू खऱ्या आहेत असं आम्हाला वाटतं. आणि हे फक्त सिनेमात होतं असंही नाही. आपल्याकडे अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी लग्न झालेली बाई चाळिशीत सासू होते. मग तिने रंगीत साडी नेसली तर लोक बघतात, तिला शिकायचं म्हटलं तर “आता कशाला?” म्हणतात. तिच्या नवऱ्याला मात्र कोणी म्हातारा म्हणत नाही.

फिल्मफेअरच्या पुरस्कारासाठी रीमाताईंचं नाव चार वेळा गेलं. ‘मैंने प्यार किया’, ‘आशिकी’, ‘हम आपके हैं कौन’ आणि ‘वास्तव’. चारही वेळा पुरस्कार दुसऱ्या कोणाला मिळाला. त्यांचं काम अशा जातीचं होतं की ते असलं की घर भरल्यासारखं वाटतं, पण नाव नायक-नायिकेचं होतं. अशा नटांना चरित्र अभिनेते म्हणतात. आई, सासू, आत्या, काका, शेजारी, मास्तर, अशी माणसं उभी करणारे. घराला जसे वासे असतात तसे हे लोक. छप्पर दिसतं, कौलं दिसतात, वाशांकडे कोणी बघत नाही.

आता टीव्हीकडे वळू, कारण आपल्या खेड्यांत रीमाताई खऱ्या पोचल्या त्या टीव्हीतून. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पण गावात टीव्ही यायला त्यानंतर बराच काळ गेला. १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी रंगीत टीव्ही आला. १९८४ मध्ये ‘हम लोग’ ही मालिका सुरू झाली आणि पुढचा भाग बघण्याची सवय देशाला लागली. १९८५ मध्ये दूरदर्शनवर ‘खानदान’ मालिका आली, त्यात रीमाताई होत्या. तेव्हा आमच्याकडे आळीत एखाद्याच घरी टीव्ही असायचा. छपरावरचा अँटेना फिरवायला एक पोरगा वर, “आलं का?” म्हणून ओरडायला एक दारात, आणि घरात चाळीस माणसं. बायका मागे, दाराशी, पदर सावरून. भाकऱ्या आधी उरकून आलेल्या.

नव्वदच्या दशकात चित्र पालटलं. १९९४ मध्ये रीमाताईंच्या दोन हिंदी विनोदी मालिका सुरू झाल्या. एक ‘श्रीमान श्रीमती’. त्यात त्या केशव कुलकर्णीची बायको कोकिळा. जतीन कनाकिया, राकेश बेदी, अर्चना पूरणसिंग असे सोबतीला. आणि दुसरी, जिच्यासाठी आपण त्यांना सगळ्यात जास्त ओळखतो, ‘तू तू मैं मैं’. सासू देवकी म्हणजे रीमाताई, सून राधा म्हणजे सुप्रिया पिळगावकर, आणि दिग्दर्शक सचिन पिळगावकर. भाषा हिंदी, पण स्वयंपाकघर बघावं तर आपलंच. आधी दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर, मग स्टार प्लसवर ती काही वर्षं चालली. सासूचं काम करणाऱ्या रीमाताई तेव्हा छत्तीस वर्षांच्या होत्या, आणि सून त्यांच्यापेक्षा नऊच वर्षांनी लहान.

त्या मालिकेत भांडण कशावरून व्हायचं? भाजीत मीठ, पाहुण्यांपुढे कोणाचं कौतुक, मुलगा कोणाच्या बाजूने बोलला, यावरून. म्हणजे आपल्या घरात होतं त्यावरूनच. फरक एवढा की तिथे भांडून झाल्यावर हसू यायचं. सासू लबाडी करायची आणि पकडली जायची. सून डाव टाकायची आणि तो तिच्यावरच उलटायचा. कोणी कोणाला विष घालत नव्हतं, कोणी कोणाचं घर बुडवत नव्हतं. रीमाताईंनी ती सासू दुष्ट केली नाही. आपली सत्ता हातातून निसटते आहे हे जिला कळतंय, पण वळत नाही, अशी ती बाई होती. म्हणून तिचा राग यायचा आणि कीवही यायची.

आमच्यातल्या एका ताईंनी सांगितलं ते ऐका. त्या नव्या नवरी म्हणून आल्या तेव्हा सासूबाई त्यांच्याशी धड बोलत नसत. पण ‘तू तू मैं मैं’ लागलं की दोघी शेजारी बसायच्या. एकदा टीव्हीतल्या सासूने सुनेच्या माहेरावरून टोमणा मारला. तसाच टोमणा यांच्या सासूबाईंनी सकाळीच मारला होता. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि सासूबाईच आधी हसल्या. “माफी मागितली नाही हो,” ताई म्हणाल्या, “पण दुसऱ्या दिवशी चहा त्यांनी केला.” टीव्हीने घरं सुधारली असं आम्ही म्हणणार नाही. पण ज्या गोष्टीवर घरात बोलता येत नाही, त्या गोष्टीवर हसण्याची सोय त्या बाईने करून दिली, एवढं नक्की.

२००० साली स्टार प्लसवर ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली आणि रोज रात्रीच्या मालिकांचा जमाना आला. आठवड्यातून एकदा भेटणारी माणसं रोज भेटू लागली. गोष्ट रोज पुढे न्यायची तर कारस्थानं हवीत. हळूहळू पडद्यावरची सासू खलनायिका झाली आणि हसण्याची जागा कमी झाली. तरी रीमाताई काम करत राहिल्या. २०१३ मध्ये झी मराठीवर ‘तुझं माझं जमेना’मध्ये त्या पुन्हा मराठी सासू झाल्या. २०१६ मध्ये स्टार प्लसवर ‘नामकरण’ सुरू झाली. त्यात त्यांनी दयावंती मेहता या करड्या, कठोर बाईचं काम केलं. गोड आईचा शिक्का पुसायचा त्यांचा प्रयत्न त्या वयातही चालू होता.

मालिकेतलं काम म्हणजे काय असतं, तेही सांगतो. बाहेरून ते झगमगीत दिसतं. प्रत्यक्षात ती बारा-बारा तासांची पाळी असते. मेकअप, कडक दिवे, एकच वाक्य पाच वेळा, मधे तासन् तास थांबणं. बहुतेकांना पैसे दिवसाच्या हिशोबाने मिळतात, आणि ते हातात पडायला नव्वद दिवस लागण्याची पद्धत आहे. जितके दिवस काम, तितके दिवस पैसे. आपल्या शब्दांत सांगायचं तर रोजंदारी. रोज मोठा असेल, पण सुट्टी घेतली की रोज बुडाला, हा हिशोब तोच. आणि आज ना उद्या आपली जागा दुसऱ्या कोणाला देतील, ही धास्ती तीच.

१७ मे २०१७ रोजी रीमाताईंनी संध्याकाळपर्यंत ‘नामकरण’चं चित्रीकरण केलं. त्या रात्री छातीत दुखू लागलं. दवाखान्यात नेलं, पण १८ मेच्या पहाटे हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. एकोणसाठावा वाढदिवस एका महिन्यावर आला होता. अंत्यसंस्कार मुलीने, मृण्मयीने केले. काही दिवसांतच मालिकेतल्या दयावंतीच्या भूमिकेत रागिणी शाह दिसू लागल्या. मालिका थांबली नाही. ती थांबणारही नव्हती, त्यात कोणाचा दोष नाही. कामाची जागा भरली जाते. घरातली जागा भरत नाही.

मैत्रिणींनो, ही गोष्ट सांगायचं खरं कारण आता सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एका काकूंना सकाळपासून डावा खांदा आणि जबडा दुखत होता. घाम येत होता, मळमळत होतं. त्या दिवशी घरी पाहुणे होते. त्यांनी ओवा चावला, सोडा प्यायला आणि चुलीपुढे बसल्या. नंतर त्या आम्हाला म्हणाल्या, “मी म्हटलं, भाकऱ्या उरकते, मग बघू.” भाकऱ्या उरकल्या आणि त्या तिथेच कलंडल्या. शेजारच्या पोराने रिक्षात घालून पनवेलला नेलं म्हणून वाचल्या. डॉक्टर म्हणाले, पहिल्या तासात आला असता तर हृदयाचं एवढं नुकसान झालं नसतं. आज काकू बैठकीला येतात, पण पाण्याचा हंडा उचलू शकत नाहीत. त्यांनीच आम्हाला सांगितलं, “माझं नाव घेऊ नका, पण गोष्ट सांगा.”

आपल्याला वाटतं हार्ट अटॅक हा पुरुषांचा रोग. छातीवर हात धरून माणूस पडतो, असं सिनेमात बघितलेलं असतं. बाईलाही छातीत दुखतं. पण पुष्कळदा त्याच्यासोबत, किंवा त्याच्याशिवायही, वेगळीच लक्षणं दिसतात. दम लागणं, विनाकारण खूप थकवा, थंड घाम, मळमळ, पाठीत, खांद्यात, मानेत, जबड्यात किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणं. मग आपण त्याला पित्त म्हणतो, वात म्हणतो, कामाचा शीण म्हणतो. पाळी गेल्यावर धोका वाढतो. रक्तदाब, साखर आणि घरातली तंबाखूची मिशेरी, या तिन्हींनी तो आणखी वाढतो. मिशेरीचं नाव घेतल्यावर काहीजणी आता रेडिओकडे रागाने बघत असतील. बघा, पण ऐका.

असं काही वाटलं तर भाकऱ्या राहू द्या. १०८ नंबरला फोन करा, रुग्णवाहिका फुकट येते. ती येईपर्यंत बसून राहा, चालू नका, एकटं राहू नका. आणि तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने उपकेंद्रात जाऊन रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. आशाताई गावात आहेत, त्या सोबत येतात.

आम्ही आमच्या गटात दोन गोष्टी सुरू केल्या. महिन्याच्या पहिल्या बैठकीला आशाताई येतात आणि सगळ्यांचा बीपी मोजतात. बचतीच्या वहीत हप्त्याच्या रकान्याशेजारी आम्ही एक नवा रकाना आखला आहे, बीपीचा. ज्यांचा जास्त निघाला त्यांना पुढच्या बैठकीत सगळ्याजणी विचारतात, “गोळी घेतली का?” जसं हप्त्याचं विचारतो तसंच. दुसरी गोष्ट, गटाच्या अंतर्गत निधीतले थोडे पैसे आम्ही वेगळे ठेवले आहेत. रात्री-अपरात्री रिक्षा करायची वेळ आली तर कोणाला नवऱ्याच्या खिशाकडे बघत बसायला नको. पहिल्याच फेरीत आमच्यातल्या चौघींचा बीपी वाढलेला निघाला. चौघींनाही काही त्रास होत नव्हता. त्यातल्या एक आमच्या आजी, रीमा लागूवरून भांडणाऱ्या.

आजी आता गोळी घेतात. पण स्टेशनचा विषय निघाला की अजून म्हणतात, “रीमा आली होती आपल्या फलाटावर, तुम्ही लहान होता तेव्हा.” आम्ही आता वाद घालत नाही. जिने पडद्यावर इतक्या जणांना पोटाशी धरलं, ती एकदा आपट्यालाही येऊन गेली असं एका म्हातारीला वाटलं, तर कोणाचं काय बिघडलं?

तुमच्या गावात टीव्ही पहिल्यांदा कोणाच्या घरी आला, दाराशी उभं राहून तुम्ही काय बघितलंत, ते आम्हाला लिहून पाठवा. लिहिता येत नसेल तर घरातल्या शिकणाऱ्या पोरीला सांगा, ती लिहील. आणि चिठ्ठीच्या खाली तुमचा शेवटचा बीपी किती होता तेही लिहा.